वाळवंटाचा सेंट

सेंटच्या काउंटरवर दिवसभर उभं राहून ताईंच्या पायांचे तुकडे पडले होते. नव्या महागड्या सेंटबद्दल सकाळपासून त्यांची एकच पोपटपंची चालली होती, "यात दूरच्या वाळवंटाचा सुगंध आहे, मॅडम."

दुकानात फरशी पुसणारी बाई त्याच वाळवंटातली होती. गिऱ्हाईक ओसरल्यावर ताईंनी तिच्या मनगटावर एक फवारा मारला.

"काय गं, आठवलं का माहेर?"

तिने बराच वेळ हुंगून पाहिलं. "नाही हो ताई. आमच्याकडे शेळ्यांचा नि डिझेलचा वास. हा तर या दुकानाचा. रोज अंगाला चिकटून घरी येतो, पोरं नाकं मुरडतात."

ती बादली घेऊन पुढे गेल्यावर ताईंनी गुपचूप स्वतःची बाही हुंगली.

त्यांना कसलाच वास आला नाही.