पटाशीला तेलाचं पाणी

बालीगंजच्या विनीता खांबेटे तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि लाकडावर कोरीवकाम करू लागल्या. बाजारातल्या पटाश्या त्यांच्या लहानखुऱ्या हातांना जड जात, म्हणून जुन्या कानशी घासून त्या घरीच बारीक पटाश्या करायच्या. पोलाद लाल तापवून तेलात बुडवलं की कडक होतं, एवढं वाचून त्यांनी गॅरेजमधून गाडीचं काढून टाकलेलं तेल आणलं आणि गच्चीवर प्लास्टिकच्या बादलीत ओतलं.

लाल तापलेली पटाशी बुडवताच भपकन जाळ उठला. बादलीची कड वितळली, विनीताताईंच्या भुवया होरपळल्या. त्यांचा नवरा अजेय गच्चीवर धावला, बादलीवर लोखंडी घमेलं पालथं घातलं, तेव्हा जाळ विझला.

"विनू, सोड आता हा नाद."

"सोडणार नाही. पण नीट शिकल्याशिवाय पेटवणारही नाही."

दुसऱ्या दिवशी त्या हावड्याला गेल्या. तिथे निमाई कर्मकार पन्नास वर्षं अवजारांना पाणी देत होते, म्हणजे ती तापवून, बुडवून कडक करत होते. विनीताताईंच्या भुवया बघूनही ते हसले नाहीत.

"तेल कुठलं होतं, दिदी?"

"गाडीचं, वापरलेलं."

"त्यात धातूचा कीस असतो, कधी पेट्रोलही. तो धूर छातीला वाईट."

"मग घरातलं मोहरीचं?"

"चालेल, पण धुराने डोळे झोंबतील. सोयाबीनचं घ्या. डबा उंच, लोखंडी, झाकणाचा. काठापर्यंत भरू नका. तेल आधी जरा गरम करा, गार तेल उष्णता नीट खेचत नाही. पाण्याचा थेंबही नको. आणि लाल झालेला सगळा भाग एका दमात आत गेला पाहिजे. वर राहिला तर तिथेच तेल पेट घेतं."

विनीताताईंनी सगळं वहीत उतरवलं, पुन्हा वाचून दाखवलं. निमाईबाबूंनी एकच दुरुस्ती केली, "बुडवताना तोंड लांब ठेवा."

रविवारी अजेय झाकण हातात धरून उभा राहिला. विनीताताईंनी तोंड लांब ठेवलं आणि लाल तापलेली पटाशी सरळ आत घातली. चर्र आवाज झाला, थोडा धूर निघाला, जाळ नाही. गार झाल्यावर पटाशीवर कानस फिरवली, तर कानस ओरखडाही न काढता वरून घसरली.

"झाली कडक!" त्या ओरडल्याच.

मग ओव्हनमध्ये, पोलाद फिकट पिवळं होईपर्यंत त्यांनी ती पुन्हा तापवली, ठिसूळपणा जावा म्हणून. सोमवारी सागावर पहिली रेघ ओढली. धार टिकली. त्यांनी लगेच निमाईबाबूंना फोन लावला.