मुकादमावर पडलेली पाती

निकोमेदेस अरेचिया अंगाने किरकोळ होता. उजवा खांदा जरा पुढे काढून चालायचा, आणि खोकला आला तरी आधी रुमाल शोधून मगच खोकायचा. क्यूबा सोडून समुद्रापलीकडच्या ‘की वेस्ट’ नावाच्या बेटावर आलेल्या आम्हा लोकांत असे नीटनेटके गृहस्थ पुष्कळ होते, पण त्याच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. तो बोलायला लागला की खुराड्यातल्या कोंबड्याही गप्प बसतात, असं माझी आई म्हणायची.

चिरूटांच्या कारखान्यात तो वाचक होता. दीडशे माणसं फळ्यांवर वाकून तंबाखूची पानं वळत, आणि मधल्या उंच ओट्यावर खुर्ची टाकून निकोमेदेस त्यांना वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचकाला मालक नेमत नसे. कामगारच त्याला निवडत आणि आपल्या पदरचा पगार देत. पुस्तकही तेच मतं घेऊन ठरवत. वाचन आवडलं की पान कापायचं बिनमुठीचं पातं फळीवर वाजवायचं, नावडलं की जमिनीवर टाकायचं. सगळी पाती जमिनीवर पडली तर ते पुस्तक कायमचं मिटायचं, आणि वाचकानेही खुर्ची सोडून पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं. निकोमेदेसवर ती पाळी कधी आली नव्हती. लिहिलेलं सगळं वाचायचं आणि पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा बाणा होता.

त्या वर्षी ‘मळ्याची घंटा’ ही कादंबरी निवडून आली. क्यूबातल्या उसाच्या मळ्यावरच्या गुलामांची गोष्ट. गुलामगिरी कायद्याने उठून फार दिवस झाले नव्हते, आणि लेखकाने पुस्तकावर स्वतःचं नाव घालायचं धाडस केलं नव्हतं. हवानाच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. भडक आहे, रडकी आहे, असले मुकादम कुठल्याच मळ्यावर कधी नव्हते! इकडे आमच्या बेटावर मात्र दुपारी ऐकलेलं प्रकरण संध्याकाळी घराघरांत पुन्हा सांगितलं जाई. मी शाळेत शिकवायचे; माझ्या वर्गातली पोरं नायिका पळून जाणार की नाही यावर मारामारी करत. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने आपल्या अडेल खेचराला मुकादमाचं नाव दिलं होतं.

आमच्याकडच्या एका पत्राचे टीकाकार श्रीयुत आरोस्तेगी म्हणाले, “लोकांना खरंच आवडते का, ते मी डोळ्यांनी बघून लिहीन.” पांढरा सूट घालून ते कारखान्यात आले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसले. कामगारांच्या छात्या फुगल्या.

“निको, आज दणक्यात होऊन जाऊ दे,” लिबोरियो म्हणाला. हा वाचन-समितीचा अध्यक्ष, नियमाला पक्का.

प्रकरण नेमकं मुकादमाचं निघालं. तो एका आईच्या कडेवरचं पोर दुसऱ्या मळ्यावर पाठवायला येतो. निकोमेदेस ओरडला नाही. हळू, जवळजवळ लाडाने बोलला.

“दे गं ते पोर इकडे. उगीच उशीर करू नकोस. गाडी खोळंबलीय.”

खण्णकन एक पातं जमिनीवर पडलं. मग दुसरं. मग सगळीकडून पात्यांचा खणखणाट आणि शिव्या. निकोमेदेसने मान वर केली तर दीडशे पाती जमिनीवर. त्याचा चेहरा उतरला. त्याने पुस्तक मिटलं, ओट्यावरून उतरला, टोपी घेतली आणि निघून गेला. आरोस्तेगींनीही ते पाहिलं, मान डोलावली आणि तेही निघाले.

तो आमचा शेजारी; संध्याकाळी दोन घरांमधल्या कुंपणाशी मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “पाती पडली, बाई. माझ्या हातून पुस्तक गेलं. उद्याचं वर्तमानपत्र तेवढं वाचून देतो. नवा वाचक येईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवता येत नाही.”

सकाळच्या पत्रात आरोस्तेगींचा लेख होता. निकोमेदेसने पान उलटून तो टाळला नाही. कारखान्याच्या खिडक्या उघड्या असत आणि शाळा समोरच होती, म्हणून शब्द न् शब्द मला ऐकू आला. “वाचक कष्टाळू असला तरी कृत्रिम कथेला तो काय करणार? शेवटी कामगारांनीच ही कादंबरी फेकून दिली.”

“काय फेकून दिली?” मागून कुणीतरी ओरडलं.

“कादंबरी,” निकोमेदेस म्हणाला. “असं लिहिलंय.”

“अरे, कादंबरी कुणी फेकली? मी त्या मुकादमाला हाणलं!”

“मी पण!”

“ह्याने हाणलं ते माझ्या पायावर बसलं. ही बघा सूज!”

लिबोरियो उठला. “गप्प बसा. नियम तो नियम. पाती जमिनीवर पडली होती.”

तंबाखूच्या पानांचे देठ काढणाऱ्या बायकांत तेओफिला मावशी होती. तिचा जन्म मळ्यावरच्या गुलामांच्या बराकीतला. तिने तिथूनच विचारलं, “लिबोरियो, काल तुझं पातं कुठं होतं रे?”

लिबोरियो लाल झाला. “जमिनीवर.”

“कादंबरी आवडली नाही म्हणून?”

“नाही गं मावशी. त्या हलकटाला बघून हातात राहीना.”

सगळा कारखाना हसला. लिबोरियोने घसा खाकरला. “मग नियमानेच विचारतो. हेच पुस्तक आणि हाच वाचक हवा असेल तर वाजवा.”

माझ्या वर्गाच्या काचा थरथरल्या. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना खिडकीशी जाऊ दिलं.

आवाज ओसरल्यावर तेओफिला मावशी ओट्यापाशी गेली. “निको, तो लाडिक आवाज तू कुठून आणलास?”

“ऐकलेला होता, मावशी,” निकोमेदेस म्हणाला. “तसल्याच गाडीत लहानपणी मला बसवलं होतं.”

मावशी आपल्या जागी परतली. तिच्याजवळ पातं नसायचं. तिने तळहाताने फळीवर थाप मारली, एकदाच.

पुढे आरोस्तेगींनी दुरुस्ती छापली: पाती कादंबरीवर नव्हे, तिच्यातल्या मुकादमावर पडली. निकोमेदेसने तीही त्याच स्वरात वाचली. हवानाचे पंडित म्हणत होते की असा मुकादम कधी नव्हताच. आमचे लोक त्यावर चौकाचौकात विचारू लागले, “नव्हता, तर आम्ही मारलं कुणाला?”

लिबोरियोने मात्र धडा घेतला आणि नवा नियम केला. मुकादमाचा प्रवेश आला की वाचकाने हात वर करायचा आणि सगळ्यांनी पाती फळीवर ठेवून हात मांडीवर घ्यायचे. मालक कपाळावर हात मारून घेई. “हा मुकादम आला की माझा कारखाना बंद!”

निकोमेदेस त्याच्याकडे लक्ष देत नसे. हात वर करून तो शेवटचं पातं खाली ठेवलं जाईपर्यंत थांबे. मग रुमालाने ओठ टिपून हळूच सुरुवात करी, “दे गं...”