शैलजाअक्कांच्या वहीतली रिकामी जागा

जळगाव, ५ डिसेंबर

गौरवग्रंथ समितीची आणि शैलजाअक्का भंगाळे यांच्या सर्व स्नेह्यांची आधी क्षमा मागतो. हा लेख दिवाळीपूर्वी द्यायचा होता. समितीकडून तीनदा आठवण आली आणि तिन्ही वेळा मी ‘लिहितोच आहे’ असं कळवलं. ते खरं नव्हतं. कारण पुढे येईलच.

अक्कांची पहिली भेट झाली तेव्हा मी धुळ्याच्या एका दैनिकात शुक्रवारचं सिनेमाचं पान सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणजे मुंबईहून आलेला प्रसिद्धीचा मजकूर कापून जागेत बसवत होतो. सिनेमा आणि लोकांच्या करमणुकीविषयी लिहिणाऱ्या तालुक्याच्या गावांतल्या पत्रकारांसाठी अक्कांनी वर्तमानपत्रातल्या निवृत्तीनंतर सहा महिन्यांची अभ्यासवृत्ती सुरू केली होती. तिच्या मुलाखतीला मी जळगावला आलो. अक्कांनी माझं एक परीक्षण वाचलं आणि विचारलं, “कुठल्या टॉकीजला पाहिलात?”

मी म्हणालो, “पाहिला नाही.”

“म्हणजे धुळेकरांना मुंबईचं उष्टं वाढलंत.”

माझी निवड होणार नाही हे मी धरून चाललो होतो. ती झाली. पुढे कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पाहिला नाही असं कबूल करणारे तुम्ही एकटेच निघालात.” हे वाक्य मी अनेक वर्षं अभिमानाने सांगत आलो. आता सांगताना जड जातं.

आमचे वर्ग एका कापड दुकानाच्या माडीवर भरत. दुकानाचे शेठजी अक्कांच्या पुरवणीचे जुने वाचक. जागा त्यांनी आनंदाने दिली होती. तिकीट स्वतः काढायचं, पुढच्या रांगांत बसायचं, लोक कुठे हसले आणि कुठे उठून बाहेर गेले ते टिपायचं. पहिला महिना कोणीही मत लिहायचं नाही. अक्कांनी आयुष्यभर वर्तमानपत्राची पुरवणी काढली होती आणि त्यांची एक तक्रार कायम होती. “आपल्याकडे बँडवाल्याचं नाव पेपरात कधी येतं?” त्या विचारत आणि उत्तरही स्वतःच देत, “वरातीत भांडण झालं की.” अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, तमाशाचे तंबू, गावोगावचे बँड यांच्याविषयी सिनेमाइतक्याच काळजीने लिहिलं गेलं पाहिजे, यासाठी त्यांनी ही अभ्यासवृत्ती उभी केली.

त्यांच्या स्वभावाविषयी एकच प्रसंग सांगतो. आमच्यातल्या पहूरच्या एका सहकारी बाईंच्या आई अंथरुणाला खिळल्या आणि बाईंचं जळगावला येणं थांबलं. अक्कांनी पुढचे दोन शनिवार सगळा वर्ग एसटीने पहूरला नेला. “मला पहूरला काम आहे,” एवढंच म्हणाल्या. ते काम कोणतं, हे आम्हाला कधी दिसलं नाही.

अक्कांची एक पद्धत मात्र सगळ्यांना अवघड वाटे. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला छापून आलेलं कात्रण स्वतः जाऊन हातात द्यायचं. अक्कांच्या जाड वहीत प्रत्येकाचं कात्रण चिकटवलेलं असे आणि शेजारी ते मिळाल्याची त्या माणसाची सही. “देताना मान खाली जात असेल, तर लिहिताना काहीतरी चुकलंय,” असं त्या म्हणत.

माझा लेख एका अहिराणी गाण्यावर होता. त्या वर्षी खान्देशातल्या प्रत्येक हळदीत ते वाजलं. व्हिडिओत नाचणाऱ्या मुलीलाच मी गायिका समजलो आणि तिच्या आवाजाविषयी दोन परिच्छेद लिहिले. सगळं मोबाइलवर पाहून. लेख आमच्या तुकडीत सर्वांत चांगला ठरला. आठ दिवसांनी धुळ्यात गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टुडिओचे मालक भेटले आणि हसले. “काय भाऊ, ती पोर फक्त नाचनी. आवाज फैजपूरन्या सिंधूबाईना शे.” सिंधूबाई तायडे केळीच्या पॅकिंगच्या कामावर जात. व्हिडिओवर त्यांचं नाव नव्हतं. माझ्या लेखाने ते कुठेही नाही, हे पक्कं केलं.

दुरुस्ती छापायला हवी होती. पण लेखाचं कौतुक चालू होतं. मी अक्कांना सांगितलं, कात्रण गायिकेला दिलं, सही घ्यायची राहिली. त्यांनी ऐकून घेतलं. अभ्यासवृत्तीचं प्रमाणपत्र मला मिळालं.

या लेखाच्या तयारीसाठी परवा अक्कांकडे गेलो आणि त्यांची वही मागितली. माझ्या कात्रणाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘सिंधूबाई तायडे, फैजपूर. सही यायची आहे.’

“अक्का, मी तेव्हा खोटं बोललो होतो.”

“माहीत आहे. स्टुडिओवाले माझ्याशीही बोलतात.”

“मग प्रमाणपत्र का दिलंत?”

“सहा महिने काम केलंत त्याचं दिलं. सहीचं कुठे दिलं? तिची जागा ठेवलीय की.”

“तुम्ही तरी सिंधूबाईंना सांगायचं.”

“लेख मी लिहिला होता का?” असं म्हणून त्यांनी चहा पुढे केला. “अजून गातात त्या. मी चौकशी ठेवलीय.”

हे सगळं गौरवग्रंथात लिहावं का, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, “माझ्या गौरवात तुमची चूक? लिहा. नाहीतरी सगळे मला देवी करून ठेवणार.”

अजूनही हे इथे शोभतं का, याची मला खात्री नाही. पण हे वगळून अक्कांनी मला काय शिकवलं ते सांगता येईना, म्हणून इतके महिने कागद कोरा राहिला. तो लेख ज्या पुरवणीत आला होता तिचंच काम सध्या मी पाहतो; तिच्या आजच्या अंकात त्या लेखाची दुरुस्ती छापली आहे. मूळ लेख होता त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात, सिंधूबाईंच्या नावासह. अक्कांनी सकाळी फोनवर ती वाचल्याचं सांगितलं आणि एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

अक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी माडीचे जिने चढायला नाही म्हणू नये, आणि पुढची कितीतरी वर्षं नव्या मुलामुलींना त्यांनी ‘कुठल्या टॉकीजला पाहिलात?’ असं विचारावं, ही मनापासून इच्छा.

उद्या : फैजपूरला जाऊन सिंधूबाईंच्या हातात कात्रण देणे.