दुसऱ्या गियरला अडकणारी पिकप

आमच्या मद्रासच्या घरमालकांना जेवढी आमंत्रणं येत, तेवढी राज्यपालांनाही येत नसतील, असं मी पैजेवर सांगायला तयार आहे. बारसं, मुंज, लग्न, घर बदलणं, कुणाच्या सासूबाईंना सेंट्रल स्टेशनवरून आणणं, मैलापुरातल्या एकाही मराठी घराचं पान त्यांच्यावाचून हलत नसे. हा मान काही त्यांच्या विद्वत्तेला नव्हता, आणि स्वभावाला तर मुळीच नव्हता, कारण स्वभावाने ते तिरसट होते. तो मान होता त्यांच्या जुन्या पिकपच्या झिजलेल्या गियरला.

ही पिकप त्यांनी लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून नारळाच्या धंद्यासाठी घेतली होती. धंदा बसला, पिकप राहिली. तिच्या गियरची दांडी खाली जमिनीतून नव्हे, तर स्टिअरिंगलाच डाव्या हाताशी जोडलेली होती, आणि आतल्या आधाराच्या कड्या, म्हणजे बुश, झिजून ती इतकी सैल झाली होती की आमच्या गल्लीत पिकप शिरली म्हणजे आधी दांडीचा खुळखुळाट ऐकू येई, मग इंजिनाचा. पहिल्यावरून दुसऱ्या गियरला जाताना ती हमखास अडकायची. मग घरमालक भर रस्त्यात गाडी थांबवून शांतपणे उतरत, बॉनेट उघडून कोपरापर्यंत हात आत घालत, आणि इंजिनाजवळच्या दोन लोखंडी पट्ट्या एक वर, एक खाली अशा काही खुबीने ढकलत की गाडी पुन्हा चालू लागे. मागच्या बैलगाडीवाल्याने कितीही तोंड सोडलं तरी त्यांना घाई म्हणून नसे. ही खुबी त्यांच्याखेरीज कुणालाच जमत नव्हती. त्यामुळे पिकप पाहिजे तर ते पाहिजेत, आणि ते आले म्हणजे पहिल्या पंगतीला बसणार, हे ठरूनच गेलं होतं. लग्नाची अक्षत घेऊन आलेली माणसंदेखील आधी कुंकवाचं बोट पिकपच्या दांडीला लावत आणि मग घरात शिरत.

मी पुण्याहून सरकारी बदलीवर आलेलो, त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांची मराठी ऐकून पहिला आठवडाभर मला वाटायचं की हे गृहस्थ पोथी वाचून दाखवताहेत, आणि मध्येच तमिळमध्ये तिचा अर्थ सांगताहेत. माझी मराठी ऐकून त्यांना वाटे की मी कुणाशी तरी भांडतो आहे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी फिल्टर कॉफीचा टंबलर घेऊन ते पिकपच्या पायरीवर बसत आणि आज कोण बोलावणं घेऊन येतं याची वाट पाहत. तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण आमच्या हिला ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

"मामा, गिंडीला नवे कारखाने निघालेत. कुणीही नवे बुश कातून देईल," मी एकदा घरमालकांना म्हणालो. सगळे त्यांना मामाच म्हणत.

"तुम्हांस कळना, राव," ते म्हणाले. "दांडी नीट झाली मणजे वंडी, ही गाडी, कोणी पण चालवील."

"मग चांगलंच की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप कॉफी संपवली.

पुढे आमच्या हिचे दिवस भरले. ऐन दुपारी कळा सुरू झाल्या. कोपऱ्यावर एकही रिक्षा नव्हती आणि घरमालक तापाने फणफणलेले. ऑफिसच्या जीपवर मी थोडं चालवायला शिकलो होतो, म्हणून त्यांनी उशाखालची किल्ली माझ्या हाती दिली. मी हिला बसवून निघालो आणि गल्लीच्या टोकाला पिकप अडकली. बॉनेट उघडलं. दोन पट्ट्या दिसत होत्या, पण कुठली वर आणि कुठली खाली, काही उमगेना. आत ही विव्हळत होती. माझे हात भाजले, धीर सुटला. तेवढ्यात घोंगडी पांघरलेले, अनवाणी, भिंतीचा आधार घेत येणारे घरमालक दिसले. अंथरुणात पडल्या पडल्या ते कान देऊन होते, आणि दुसरा गियर पडल्याचा आवाज आला नाही म्हणून उठून निघाले होते. त्यांनी आत हात घातला, पट्ट्या ढकलल्या, मला बाजूला सारलं आणि त्या तापातच आम्हांला इस्पितळात पोचवलं. आम्हांला मुलगी झाली.

सगळ्या मैलापुराने त्यांचं कौतुक केलं. ताप उतरल्यावर एके सकाळी पिकप घेऊन ते एकटेच गिंडीला गेले आणि संध्याकाळी परतले ते दांडीचा जरासाही खुळखुळाट न होता. दांडीला नवे पितळी बुश बसले होते.

"का हो, मामा?" मी विचारलं.

"त्या दिवशीं माज्या मानापायीं तुमची बायको हातची जाती हो," ते म्हणाले, आणि किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवली.

त्यानंतर ती किल्ली खिळ्यावर क्वचितच दिसे. पिकप ज्याला त्याला चालवता येऊ लागली. लोक वाईट नव्हते. अक्षत येई, "मामा, सवडीने या" असंही म्हणत, पण अक्षत देऊन झाली की नजर खिळ्याकडे जाई. पहिली पंगत मामांसाठी थांबेनाशी झाली. सकाळी ते पायरीऐवजी ओसरीवर बसू लागले, कारण पिकप बहुधा कुणाकडे तरी गेलेली असे.

पोर चालायला लागली आणि माझी पुन्हा पुण्याला बदली झाली. सामान पिकपमध्ये चढलं. शेजाऱ्यांचा जावई किल्ली घेऊन स्टिअरिंगशी बसला होता. आमच्या हिने पुढे होऊन दांडीला कुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी घरमालकांना म्हणालो, "मामा, तुम्हीच चला. पिकप मला अडकल्यासारखी वाटते."

"अडकतें? कोण्या गियरास?"

"दुसऱ्या."

गिंडीचं काम किती चोख होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी जावयाला हाताने उतरायची खूण केली आणि धोतर सावरून चढले. गल्लीच्या टोकाला, नेमक्या त्याच जागी, त्यांनी गाडी थांबवली. उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभे राहिले. मागून भोंगे वाजत होते. मी उतरून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने ते हात पुसत आले. हात स्वच्छ होते, डोळे तेवढे लाल होते.

"सेरी, ठीक," ते म्हणाले. "आतां जाईल."

सेंट्रलवर गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. पोरीच्या गालाला हात लावून मला म्हणाले, "तिकडं कोणाची दांडी अडकली तर मज कळवा."

कळवतो, म्हटलं. त्यानंतर बदल्यांवर मी बरीच गावं फिरलो. सगळीकडच्या गाड्या नीट चालत होत्या, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटलं.