जागा बसून बघणारे आबा

आबा कुठल्याही नव्या जागी गेले की आधी खाली बसायचे. शेजारी खुर्ची असो की सोफा, ते जमिनीवरच टेकायचे. भिंत असली तर भिंतीला, झाड असलं तर झाडाला पाठ लावायची, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि डोळे मिटायचे. पुढची पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. डोळे उघडले की निकाल. "हाय" किंवा "न्हाय". कारण विचारलं तर म्हणायचे, "बसल्याबिगर जागा कळत न्हाय, मॅडम." कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर हे सगळं करतोय म्हटल्यावर लोक हसायचे. सुरुवातीला मीही हसले आहे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. बारामतीत नवे कारखाने उभे राहत होते आणि यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर येऊन राहिले होते. त्यांच्या बायका मात्र बंगल्यांत नुसत्या बसून होत्या. मी नुकतीच रोह्याहून कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले होते, भाड्याच्या एका खोलीत राहत होते आणि गावात माझा जीव रमत नव्हता. इंग्रिड नावाच्या जर्मन बाईला थोडं मराठी शिकवायला कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि आमची मैत्री झाली. खरं सांगायचं तर बारामतीत मला तेवढी एकच मैत्रीण होती. तिच्या बंगल्यावर मला न्यायला-सोडायला तिच्या नवऱ्याच्या कंपनीची जी जीप यायची, ती आबा चालवायचे.

दिवाळीनंतर एक दिवस इंग्रिडने मला परतीचं विमानाचं तिकीट दाखवलं. मार्चचं होतं. नवरा इथे राहणार, ही एकटी जाणार. "आठ महिन्यांत मी स्वयंपाकीण आणि कुत्रा सोडून कुणाशी बोललेले नाही," ती म्हणाली. "तू येतेस, पण तू तर मला क्रियापदं शिकवतेस." मग तिनेच एक गोष्ट काढली. बारामतीत तिच्यासकट अशा चौघी होत्या, इंदापुरात तिघी. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि महिन्यातून एकदा भेटून त्यावर बोलायचं. "पहिल्या भेटीला जमलं तर तिकीट परत करीन," ती म्हणाली, "नाही जमलं तर जाईन." जागा शोधायचं काम माझ्यावर आलं. कुणाच्या घरी नको, एवढीच तिची अट होती. घरी म्हटलं की नवऱ्यांचे हुद्दे मध्ये येतात, असं तिचं म्हणणं. ती गेली तर मीही चंबूगबाळं आवरून रोह्याला परत जायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे मात्र मी कुणापाशी बोलले नव्हते.

मी आणि आबा जागा बघत फिरू लागलो. पहिली जागा कॉलेजच्या वाचनालयातली. पुस्तकं, पंखे, लांबलचक टेबलं, मला तर एकदम पसंत. आबा कपाटाला पाठ लावून बसले. समोर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. डोळे उघडून त्यांनी ती वाचली आणि उठले. "ह्या बायकांना वरीसभर गप बसून बसून कंटाळा आलाय. त्यांना आनखी हितं आनून गप बसवायचं व्हय?" दुसरी जागा एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलातली फॅमिली रूम. तिथे आबा दोन मिनिटांतच उठले. "पडदं बघा की. कोन आलं, कोन गेलं, काय दिसत न्हाय. ज्याला बाहीरचं दिसत न्हाय त्याचं ध्यान सारखं बाहीरच." मालकाने दिलेला चहासुद्धा त्यांनी बाहेर येऊन उभ्याने प्यायला.

ही बसून बघायची खोड आली कुठून, ते मला एकदा इंदापूरच्या वाटेवर कळलं. आबा बारामतीलगतच्या जळोचीचे. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. रानं उसाखाली गेली, चरायला जागा उरली नाही, तसे आबा आधी ट्रॅक्टरवर आणि मग जीपवर आले. "हाकायचं काम तेच," ते म्हणायचे, "पन जीप कुनाच्या उसात शिरत न्हाय. भांडनं वाचली." लहानपणी दिवाळी झाली की घरचे सगळे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मी रोह्याची म्हटल्यावर ते हसले. "तुमच्याच मुलखात की! चार-चार म्हैनं. लोकांचं बोलनं कळायचं न्हाय, भात गळ्याखाली उतरायचा न्हाय. मी रडायचो. मग आई म्हनायची, आधी टेक जरा. पाठ लाव झाडाला. बसलं की भुई वळखीची व्हती." आईचं ते बोलणं त्यांनी कामाला लावलं होतं, एवढंच. मेंढरं रात्रीपुरती कुणाच्या रानात बसवायची, तर ती जागाही अशीच बसून बघून.

हे ऐकून माझे डोळे भरून आले होते, तरी पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्यावर उखडले. पहिल्या भेटीची तारीख तोंडावर आलेली आणि आबांचं आपलं "न्हाय, न्हाय" चाललेलं. "आबा, आपल्याला बायका बसवायच्या आहेत, मेंढरं नाही," असं मी फटकन बोलून गेले. मी त्यांना न विचारता इंदापूरच्या एका मंगल कार्यालयाचा छोटा हॉल ठरवून टाकला. व्यवस्थापकाला फोनवर सांगितलं, पुस्तकमंडळाची पहिली सभा आहे, सात परदेशी बायका येणार आहेत. झालं! आपल्याकडे सभा म्हटलं की काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही हॉल बघायला गेलो. स्टेजवर सोफे मांडले होते, पुढे समई, बाजूला माइक. मागे कापडी फलक, 'परदेशी भगिनींचे सहर्ष स्वागत'. टेबलावर सात शाली, सात नारळ आणि हारांची यादी. व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले, "काळजीच करू नका मॅडम. प्रमुख पाहुणे सांगितलेत, शाळेचं लेझीमपथक सांगितलंय, सत्काराला तीन गावचे सरपंच येतायत." बिचाऱ्याने जीव ओतून तयारी केली होती. सात एकट्या पडलेल्या बायका सोफ्यावर ओळीने बसून तीन सरपंचांची भाषणं ऐकताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. आबा स्टेजच्या पायरीवर बसले होते. त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. "समदं झाक हाय. फकस्त पुस्तक कुठं उघडायचं, ते दिसंना," ते म्हणाले.

व्यवस्थापकांच्या हातापाया पडून मी माफी मागितली आणि जीपमध्ये येऊन रडले. इंग्रिडचं तिकीट माझ्यामुळे पक्कं झालं होतं. आबांनी गाडी सुरू केली. वाटेवरचं लासुर्णे गाव जवळ आलं तशी एकदम कच्च्या वाटेला घातली. कालव्याच्या कडेला उसाची रानं आणि बांधावर चार जुन्या चिंचा. खाली झाडून काढल्यासारखी स्वच्छ जमीन. "बसून बघा," आबा म्हणाले. पहिल्यांदाच मला सांगितलं. मी खोडाला टेकून बसले, डोळे मिटले. पाण्याचा आवाज येत होता. लांब कुठेतरी इंजिन चाललं होतं. माझं रडं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

"आबा, ही जागा ठाऊक होती तर आधी का नाही सांगितली?"

"आमची हाय म्हनून," ते म्हणाले. रान दुसऱ्याचं, पण त्यांच्या वडिलांची मेंढरं खतासाठी दरवर्षी तिथे बसायची, आणि मालकाशी घरोबा अजून होता. "आपल्याच जागंचं नाव आपुन कसं घ्यायचं, मॅडम? बाकीच्या समद्या बघून झाल्याबिगर?"

दुसऱ्या दिवशी आबांनी घरातल्या होत्या तेवढ्या घोंगड्या आणून चिंचेखाली अंथरल्या. सातजणी गोल बसल्या, मांडीवर एकेक पुस्तक. आणि कुणीच बोलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी काहीतरी बोलून सुरुवात करायला उठत होते. जीपजवळ पाठमोऱ्या बसलेल्या आबांना ते कसं कळलं कोण जाणे, त्यांनी मागे वळून हातानेच खुणावून मला खाली बसवलं. मग एका बाईने बूट काढले. दुसरीने काढले. आणि इंग्रिड म्हणाली, "मी हे पुस्तक वाचलेलंच नाही. घरी उघडलं की मला रडू येतं." मग इंदापूरची एक म्हणाली, "मीसुद्धा नाही." सातांपैकी पाचजणींनी पुस्तक वाचलं नव्हतं! त्या ज्या हसत सुटल्या आणि मग बोलत सुटल्या, ते ऊन कलल्यावर आबांनी हॉर्न वाजवला तेव्हाच थांबल्या.

इंग्रिडने तिकीट परत केलं. पुढे तीन वर्षं ती राहिली आणि मंडळ चिंचेखालीच भरत गेलं. आबांच्या भावकीची मेंढरं कोकणातून परतून तिथे बसली की तेवढे दिवस आम्ही बाजूच्या झाडाखाली सरकायचो, कारण मान त्यांचा. आबा कधी गोलात बसले नाहीत. एकदा इंग्रिडने फारच आग्रह केला तर म्हणाले, "राखनदारानं मेंढरांत बसायचं नसतं." तिला मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या एका वाक्यात त्यांनी माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याची परतफेड केली होती, हे फक्त आम्हां दोघांनाच ठाऊक.

पुढे इंग्रिड गेली, बाकीच्याही गेल्या. मी राहिले. का राहिले, याचा कधी नीट विचारच केला नव्हता. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीत रोह्याला होते. चौथ्या दिवशी जळोचीला पोचले. घर माणसांनी भरलेलं, ओसरीवर पुरुष, आत बायका, रडण्याचे आवाज. या घराची मी कोण, कुठे बसायचं, काही कळेना. दारातच घुटमळत उभी राहिले. आबांची थोरली सून आतून आली. तिने माझा हात धरला आणि मागच्या पडवीत नेलं. तिथे भिंतीलगत एक घोंगडी अंथरलेली होती.

"आबा सांगून गेल्यात," ती म्हणाली. "मॅडम येतील. गर्दीत त्यास्नी सुचायचं न्हाय. त्यास्नी हितं बसवा म्हनाले. सोता बसून बघितलं व्हतं त्यांनी."

मी बसले, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. परसातून बेताचा वारा येत होता. सून अजून उभीच होती.

"जागा बरी हाय नव्हं, मॅडम?"

इतक्या वर्षांत माझ्या तोंडी कधी न बसलेला त्यांचा शब्द तेव्हा आपसूक आला. "हाय," मी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं.