लाइटहाऊसखाली दोन तास

आम्ही तेव्हा आखातात, करामा नावाच्या भागात राहायचो. तिथे पत्ता म्हणजे नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. घर शोधायचं ते खुणेनं, अमक्या सुपरमार्केटमागे, तमक्या मशिदीसमोर. अजमानकडच्या किनाऱ्यावर आमची खूण होती लाइटहाऊस. सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही तीन मराठी कुटुंबं तीन गाड्यांतून तिथे जायचो. उतरल्या उतरल्या मी मुलांना दम भरायचे, "हरवलात तर लाइटहाऊसखाली उभं राहायचं. हलायचं नाही!"

परतताना मुलं वाटेल त्या गाडीत घुसायची. कोण कुठे बसलंय, कुणी विचारायचंही नाही. एका शुक्रवारी करामात पोचून डबे उतरवताना मी शेजारच्या वहिनींच्या गाडीत डोकावले. "आमचं रत्न कुठंय?"

"अहो, तुमच्याकडेच ना?"

तिसऱ्या गाडीतही लेक नव्हती. सहा वर्षांची पोर!

मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. नवऱ्यानं गाडी उलटी फिरवली. शारजात गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. "दरवेळी मीच बघायचं का? तू बाप नाहीस तिचा?" मी ओरडत होते. पाण्यात गेली असेल? कुणी उचलून नेलं असेल? एकदाचं लाइटहाऊस दिसलं, तर घाईत यानं राउंडअबाउटवरचा फाटा चुकवला आणि ते मागे पडायला लागलं. "अरे देवा, उलट चाललोय आपण!" मला रडू फुटलं.

शेवटी पोचलो, तर ती लाइटहाऊसच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, ओठ सुकलेले. शेजारी पाण्याची बाटली घेऊन एक म्हातारा कोळी. "बहनजी, कितना बोला, छाँव में बैठो. मानती ही नहीं."

मी तिला छातीशी घट्ट धरलं. ती कानाशी म्हणाली, "आई, डिड यू फर्गेट मी?"

"छे गं! तुला कशी विसरीन? ट्रॅफिक होतं."

"ओके," म्हणाली आणि गाडीत बसल्या बसल्या झोपली. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी वहिनी तिला जवळ घेऊन हमसाहमशी रडायला लागल्या. ती त्यांचे डोळे पुसत म्हणाली, "काकू, डोन्ट क्राय. आई येतच होती. ट्रॅफिक होतं."

आज ती नोकरी करते. खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.