माझ्यापुढं कोण चालणार?

बातमी आली तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. थोरला लेक बांधावरून अनवाणीच चालत आला अन् म्हणाला, "आबा, अश्विनीचं विमान सापडत न्हाई." अश्विनी त्याची मुलगी, माझी नात. मी म्हणालो, "सापडंल. सुई हाय का ती?" तिसऱ्या दिवशी सापडलं... डोंगराच्या कड्याला. त्याला आता दीड महिना झाला.

तिकडं हिमालयात ती नऊ माणसांचं छोटं विमान चालवायची. देवळाली प्रवऱ्यात मी हे ज्याला-त्याला थांबवून सांगायचो. मी स्वतः तिसरी शिकलेला. तीस वर्षं कांद्याचा ट्रक माळशेज घाटातून मुंबईला नेला, पण धुकं आहे म्हणून गाडी कधी माघारी आणली नाही. क्लीनर पाठीवर पांढरा टॉवेल टाकून पुढं चालायचा अन् त्या टॉवेलामागं मी गाडी घालायचो. लहानपणी हे तिला शंभरदा ऐकवलेलं.

एकदा तिचा फोन आला. वाटेत ढग भरला म्हणून ती माणसं घेऊन परत आली होती. मी हसलो. "माघारी आली? माझी नात, अन् ढगाला भ्याली?"

"आबा, तुमच्यापुढं टॉवेल चालायचा. माझ्यापुढं कोण चालणार? तुम्ही गाडी कडेला घेऊन थांबायचा, मला थांबता येत न्हाई. खोरं अरुंद असलं तर वळायलाही जागा पुरत न्हाई."

"कारणं सांगू नको," मी म्हणालो. ती हसली, पण जरा उशिरानं.

पंधरा दिवसांनी म्हणाली, "आबा, आज ढग होता, तरी जरा पुढं जाऊन बघितलं. मोकळं मिळालं." मी मोठ्यानं शाब्बास म्हणालो. पारावर जाऊन चार जणांना सांगितलं. त्यातल्या कुणी मला गप्प केलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

दहाव्याला तिच्यासोबतचा एक वैमानिक आला होता. मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांगा. माघारी फिरली होती का ती?"

"फिरत होती, बाबा. निम्मी वळली होती. जरा आधी वळली असती तर..." तो तिथंच थांबला. चांगला माणूस. ते 'जरा' कुणाचं होतं, हे त्याला काय ठाऊक!

लेक म्हणतो, "आबा, ती काय तुमच्या सांगण्यावर विमान चालवत हुती का? नका मनाला लावून घेऊ." खरं असेल त्याचं. पण त्या दिवशी फोनवर ती किती खूश झाली होती, ते त्यानं ऐकलेलं नाही. मी ऐकलंय...

रोज सकाळी सातला, विमानात बसायच्या आधी, ती फोन करायची. "निघते, आबा," एवढंच. मी म्हणायचो, "ये जाऊन." अजून सातला मोबाईल घेऊन ओट्यावर बसतो. सून आतून हाक मारते, "आबा, चहा गार झाला." मी उठत नाही. तिनं 'निघते' म्हटल्यावर मला एकदा, एकदाच, 'नको जाऊ' म्हणायचंय.